वरच्या खणातली डिस्क

कारखान्याच्या मालकांनी नव्या खोलीचं दार उघडलं आणि जणू चूक त्यांचीच असल्यासारखे म्हणाले, एकच खिडकी आहे, हवा येत नाही. मी म्हणालो, आमच्या पहिल्या खोलीलाही एकच खिडकी होती. बोलायचं म्हणून बोललो. एका हातात अवजारांची बॅग होती, खांद्याला लॅपटॉप होता आणि नजर कोपऱ्यातल्या पेटीवर होती. पण वाक्य संपलं आणि मी दारातच थांबलो. मागून कुणी 'दोन' म्हणालं नाही. लग्न झाल्यापासून हे वाक्य मी जिथे जिथे बोललो तिथे तिथे मागून 'दोन' आलं होतं. पाहुण्यांत, बसच्या रांगेत, दवाखान्यात. एकदा तर बायको शेजारच्या खोलीत झोपली होती, तिथूनही आलं होतं. ते यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ मी नकळत वाट बघितली. मालकांना वाटलं मला अंधारात दिसत नाहीये, म्हणून त्यांनी दिवा लावला. एकच खिडकी होती असं मी म्हणालो आणि ते खरं झालं. इतकं सोपं होईल असं वाटलं नव्हतं.

हा कृत्रिम पाय बनवण्याचा कारखाना. कारखाना म्हणजे चार खोल्या आणि मागे अंगण. सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ, दाराच्या कडीवर, चहाच्या कपांच्या कानांवर, कामगारांच्या भुवयांवर. पाय कापल्यावर जो भाग उरतो त्याला इथे स्टंप म्हणतात. स्टंपचा आकार पूर्वी प्लास्टरमध्ये घेत. आता एक बाई कॅमेऱ्यासारखं यंत्र हातात धरून ते स्टंपभोवती फिरवतात आणि आकार कॉम्प्युटरमध्ये जातो. त्यावरून वाटी बनते, वाटीत स्टंप बसतो, वाटीखाली पाय. माणूस सुटतो, सुकतो, म्हातारा होतो, मग वाटी बदलावी लागते आणि तेव्हा जुना आकार समोर लागतो. इथे आलेल्या प्रत्येकाचे आकार कोपऱ्यातल्या त्या पेटीत होते. पेटी मीच बसवलेली. तिला दोन खण, वरच्यात एक डिस्क, खालच्यात एक. एकीवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवर लिहिलं जातं. एक गेली तरी दुसरीवर सगळं असतं. बसवताना मी मालकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "कळलं, म्हणजे दोन पाय."

ती गेल्यानंतरचं माझं हे पहिलं काम. मुलगी म्हणत होती, इतक्यात नका जाऊ. मेहुणा म्हणाला, बरं आहे, मन रमेल. मला मन रमवायचं नव्हतं. मालकांच्या फोनवरच्या आवाजावरून कळलं होतं की काहीतरी फार वाईट होणार होतं आणि थोडक्यात थांबलं होतं, म्हणून आलो.

काय झालं ते माप घेणाऱ्या बाईंनी सांगितलं. त्यांना सगळे मापताई म्हणतात. सहा-सात आठवड्यांपूर्वी पेटी किंचाळायला लागली. पेटीच्या मागे एक छोटा भोंगा असतो, डिस्क बिघडली की तो वाजतो. दिवसभर वाजत राहिला. पेशंट बिचकायला लागले. मग कुणीतरी प्लास्टरची पट्टी ओली करून भोंग्यावर नीट गुंडाळली, मोडलेलं हाड बांधतात तशी. मी वाकून पाहिलं. काम सुबक होतं, कडा बोटानं गुळगुळीत केलेल्या. पट्टीच्या आतून तो अजून वाजत होता, कान लावला की ऐकू येत होतं. मी मालकांकडे बघितलं. ते म्हणाले, तेव्हाच फोन करणार होतो, पण तुमच्या घरी तसं चाललेलं, म्हटलं नको. त्या आठवड्यांत त्यांनी फोन केला असता तर मी उचलला असता की नाही, हे मला अजून सांगता येत नाही.

तर वरच्या खणातली डिस्क तेव्हाच जोडीतून बाहेर पडली होती. खालची एकटी सगळं लिहून घेत होती आणि कुणाला काही जाणवत नव्हतं. मग चार दिवसांपूर्वी वायरिंगच्या कामासाठी वीज बंद केली, तेव्हा मापताईंनी चांगल्या मनानं दोन्ही डिस्क बाहेर काढल्या, ब्रशनं धूळ झटकली आणि परत घातल्या. इथल्या लोकांना वस्तू काढून, झटकून, परत बसवायची इतकी सवय आहे की त्यात धोका असेल असं त्यांना वाटत नाही. दिवसभर ते तेच तर करतात. खालची डिस्क नीट आत गेली नाही. वीज आली तेव्हा पेटीला एकच डिस्क दिसली, वरची, आजारी. थोडी विश्रांती मिळाल्यामुळे ती चालली. त्या दिवशी दोन पेशंटांची मापं तिच्यावर लिहिली गेली. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की मधल्या आठवड्यांतली माणसं कुठे दिसतच नाहीत. मापताईंनी खालची डिस्क दाबून बसवली आणि स्क्रीनवर प्रश्न आला, ही डिस्क जोडीत घ्यायची का? हो किंवा नाही. मापताईंचं बोट 'हो'वर होतं. मालक म्हणाले, थांबा, आधी विचारू. 'हो' दाबलं असतं तर पेटीनं वरच्या डिस्कवरचं सगळं खालच्या डिस्कवर उतरवलं असतं, आणि त्या सहा-सात आठवड्यांची सगळी माणसं पुसली गेली असती. पेटीच्या हिशोबानं तेच बरोबर होतं. जी चालू आहे ती खरी.

मी पेटी बंद केली, वायर काढली, दोन्ही डिस्क टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही सारख्या दिसतात. अंगावरचे नंबर वाचून मी एकीवर 'वर' आणि दुसरीवर 'खाली' असं मार्करनं लिहिलं. मापताईंनी विचारलं, खरी कोणती? मी म्हटलं खालची. पण म्हणताना मला माहीत होतं की ते पूर्ण खरं नाही. मधले आठवडे फक्त खालचीवर होते. त्या शेवटच्या दिवसाचे दोन पेशंट फक्त वरचीवर होते. आधीचं सगळं दोघींवर. जोडीचा हाच एक दोष आहे, तो मी बसवताना कुणाला सांगत नाही. दोन डिस्क वेगवेगळं सांगायला लागल्या तर पेटीला खरं कुणाचं ते ठरवता येत नाही. तीन असत्या तर दोघींचं जुळलं असतं. दोन असल्या की कुणाचं तरी एकीचं धरायचं. आणि एकच उरली की भांडण संपतं. तपासणी केली तर स्क्रीनवर येतं, फरक शून्य. पेटी इतकी निवांत कधीच नसते.

त्या पहिल्या खोलीत आम्ही लग्नानंतर तीनेक वर्षं राहिलो. मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची कामं घरी आणायचो आणि खिडकीशी टेबल लावून बसायचो. उजेड तिथेच होता. मला ती खिडकी आजही गजांसकट आठवते, खालून दुसरा गज वाकलेला. तिचं म्हणणं, स्टोव्हच्या वर आणखी एक खिडकी होती, पुस्तकाएवढी, तिला फळी नव्हती, फक्त जाळी. मी म्हणायचो, ती खिडकी नव्हे, धुराचं भोक. ती म्हणायची, भोकातून गच्ची दिसत नाही. ती इमारत केव्हाच पाडली. फोटोंत भिंतीच्या जागी आम्हीच उभे आहोत. त्यामुळे तो वाद कधी मिटायचा प्रश्नच आला नाही, आणि मिटावा असं दोघांपैकी कुणाला वाटलंही नसावं. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. अचानक म्हणाली, खिडक्या दोन होत्या. मी म्हणालो, हो, दोन होत्या. तिनं मान वळवली. इतकी चिडलेली मी तिला त्या आजारात पाहिली नव्हती.

"नुसतं हो म्हणू नका," ती म्हणाली. "आठवा."

मी प्रयत्न केला. तिच्या उशाशी बसून मी त्या खोलीत फिरलो. दारातून आत, उजवीकडे पलंग, समोर टेबल, खिडकी, वाकलेला गज. मग वळायचं तर स्टोव्हच्या बाजूला काही नव्हतं. भिंतही नव्हती. त्या बाजूला मी कधी उभाच राहिलो नव्हतो. माझी पाठ असायची तिकडे. ती गेल्यावर लोक आले, बसले, म्हणाले आठवणींवर जगायचं आता. मी मान हलवली. पण आठवणी म्हणजे माझ्या आठवणी, आणि त्या आता एकट्या होत्या. त्यांना कुणी अडवणार नव्हतं. मी म्हणेन ते रस्ते, मी म्हणेन ते पाहुणे, मी म्हणेन तो पगार. महिनाभरात मी दोन-तीन गोष्टी अशा सांगितल्या होत्या की सांगता सांगता मलाच शंका आली, आणि समोरचे गंभीरपणे ऐकत होते. विधुराला कुणी 'चूक' म्हणत नाही.

खालची डिस्क मी लॅपटॉपला जोडली, तिच्यावर काहीही लिहिलं जाणार नाही अशी सोय करून. फक्त वाचायचं. नव्या डिस्क मी दोन आणल्या होत्या, दोन वेगळ्या दुकानांतून. एकाच दिवशी एकाच खोक्यातून निघालेल्या डिस्क बऱ्याचदा मागोमागच जातात. पहिल्या नवीवर खालचीची पूर्ण नक्कल लावली. हे सगळ्यात आधी. लोकांना नवीन डिस्क लगेच खणात सारायची घाई असते, आणि मग उरलेली एकटी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढायच्या ताणानं तिथेच बसते. मी वेग कमी ठेवला. दर थोड्या वेळानं हात लावून पाहत होतो. कोमट होती. दुपारी नक्कल संपली तेव्हा मी मापताईंना मधल्या आठवड्यांतली कोणतीही माणसं उघडून बघायला सांगितलं. त्या एकेक उघडत गेल्या. हा रिक्षावाला. ह्या शाळेच्या मुख्याध्यापिका. हा चावट, यानं माप घेताना मला गुदगुल्या होतात म्हणून सांगितलं होतं. स्क्रीनवर राखाडी रंगाचे आकार हळूहळू फिरत होते आणि त्या त्यांना चेहऱ्यांसारख्या ओळखत होत्या.

मालक खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, सुटलो. आता वरची फेकून द्या आणि नवी लावा.

मी म्हटलं, वरचीवर दोन पेशंट आहेत.

मालक म्हणाले, दोघांना परत बोलावू, पुन्हा माप घेऊ, त्यात काय. ते चुकीचं बोलत नव्हते. आजारी डिस्क वाचायला गेलं की कधी कधी दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. मापताई मात्र म्हणाल्या, त्यातला एक इथलाच आहे, तो येईल. दुसऱ्या आजी आहेत, फार लांबून भाचा घेऊन आला होता. दोन गाड्या बदलून. माप झाल्यावर त्या म्हणाल्या, बाई, नीट घेतलंस ना, मी काही आता परत यायची नाही. "आणि मी हो म्हटलं त्यांना," मापताई म्हणाल्या.

वरची डिस्क जोडली. ती फिरायला लागली, मग आतून कर्र आवाज आला, जरा थांबून पुन्हा तसाच. लॅपटॉपवर काही दिसलं नाही. मी लगेच वायर काढली. गरम झाली होती. अशा वेळी पुन्हा पुन्हा हट्ट केला तर ती कायमची बसते. थंड होऊ द्यायची, मग एकदाच विचारायचं, आणि तेही फक्त हवं तेवढं. मी ती पंख्याखाली लोखंडी पत्र्यावर ठेवली आणि तोंड धुवायला मागच्या अंगणात गेलो. मनात मीही अर्धा मालकांच्या बाजूला गेलो होतो. एवढी खटपट कशाला. खालचीवर आहे तेवढं पुरेसं आहे, नीट आहे, फरक शून्य आहे.

अंगणात मालक माझ्याआधीच येऊन बाकावर बसले होते. त्यांच्या पँटचा एक पाय गुडघ्याखाली दुमडलेला होता आणि त्यात काही नव्हतं. पाय शेजारी भिंतीला टेकवून ठेवला होता, बुटासकट. मी नळापाशी उभा राहून बघत राहिलो. किती वर्षं मी इथे येतोय. त्यांचं चालणं जरा जड आहे एवढंच मला माहीत होतं, ते मी वजनावर ढकललं होतं. त्यांना माझा चेहरा बघून हसू आलं. म्हणाले, तुम्हाला माहीत नव्हतं? अहो, तुम्ही आलात की सरळ पेटीकडे जाता, माणसांकडे बघता कुठे. चेष्टेनंच म्हणाले. मग त्यांनी बादलीतून एक मोजा काढला, पिळला आणि बसल्या बसल्या हात लांबवून तारेवर टाकला. जाड, पांढरा, टाचेचा आकार नसलेला. तारेवर बाकी काही नव्हतं.

मी विचारलं, एकच?

ते म्हणाले, हा स्टंपवर घालायचा. घामानं भिजतो, रोज धुवावा लागतो, नाहीतर कातडी सोलते. दुसऱ्या पायाचं काय, तो साध्या मोज्यात दोन दिवस राहतो. "आमच्यातला माणूस कुठे राहतो ते शोधायचं असेल तर दोऱ्या बघत जा. रोज सकाळी एकच मोजा."

नळ चालू होता, तो मी बंद केला. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी कधीतरी, जेवताना, ती म्हणाली होती की समोरच्या गच्चीवर एक म्हातारा रोज सकाळी दोरीवर एकच मोजा वाळत घालतो. मी हसलो होतो. मित्र बसला होता समोर, त्याच्यासमोर मी म्हणालो होतो, बघ, आता कळलं ना, खिडकीच काय, म्हातारासुद्धा हिनं बनवलाय, एकच मोजा कोण धुतं? ती म्हणाली होती, मला काय माहीत, मी बघितलं ते सांगितलं. त्यानंतर खिडकीचा वाद राहिला, पण मोज्याचा विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. मी तर तो मोजा पूर्ण विसरलो होतो. आता अंगणात उभं राहून मला तिचा आवाज ऐकू आला, कंटाळलेला, स्टोव्हच्या आवाजाच्या वर चढवलेला. असं काही कुणी रचत नाही. रचायचंच तर माणूस दोन मोजे रचतो. ती रोज सकाळी माझ्या पाठीमागे उभी राहून एका पायाच्या माणसाकडे बघत होती आणि तो एका पायाचा आहे हे तिलाही माहीत नव्हतं, कारण गच्चीच्या कठड्यानं त्याचं खालचं अंग झाकलेलं असणार. कठडा मी आत्ता मनानं घातला. ते माझं. पण मोजा तिचा आहे, आणि तो दिसायला भिंतीत भोक नव्हे, खिडकी लागते.

मला अजूनही ती खिडकी दिसली नाही, हे नीट सांगायला हवं. मी डोळे मिटून पाहिलं. तिकडे पूर्वीसारखंच काही नव्हतं.

मालक पाय चढवून आत आले तेव्हा मी त्यांना सांगितलं की वरचीवरचे दोन पेशंट काढल्याशिवाय मी ती टाकणार नाही, उद्या यावं लागलं तरी चालेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पंखा आणखी जवळ सरकवला. त्या दोन माणसांची नावं कॉम्प्युटरवर कशी लिहिलीत ते मी मापताईंना अक्षर न् अक्षर विचारून घेतलं, म्हणजे शोधण्यात डिस्कचा एक फेराही वाया जायला नको. डिस्क जोडली. कर्र आवाज झाला. मी हात मांडीखाली घेऊन बसलो, नाहीतर काहीतरी दाबलं असतं. पुन्हा आवाज. मग यादी उमटली. आधी आजी. स्क्रीनवरची पट्टी सरकायला लागली, मधेच थांबली, इतका वेळ थांबली की मापताई उठून दारापर्यंत जाऊन आल्या, मग पुन्हा सरकली आणि पूर्ण झाली. मग तो इथला माणूस, तो एका दमात आला. मी डिस्क बाहेर काढली. ती माझ्या हातात थोडा वेळ फिरत राहिली आणि थांबली. मापताईंनी आजींचा आकार उघडला. टोकाशी बारीक, एका बाजूला जुन्या टाक्यांची घडी. त्या दोन्ही हातांनी तोंड दाबून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ह्याच. मालक म्हणाले, उद्या सकाळी पहिली हीच वाटी घ्या.

बाकीचं काम सरळ होतं. दोन्ही पेशंट खालच्या डिस्कवर घातले. ती तिच्या खणात परत गेली. दुसरी नवी डिस्क वरच्या खणात. पेटीनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी डिस्कच्या अंगावरचे नंबर मोठ्यानं वाचले, मापताईंना स्क्रीनवरचे वाचायला लावले, मग आम्ही आपापल्या जागा बदलून पुन्हा वाचले. कुठून कुठे, हे पेटीला कळत नाही, ते माणसानंच सांगावं लागतं. मग 'हो' दाबलं. भोंग्यावरची पट्टी सुरीनं कापून काढली. आतून तो गप्प होता. मालक म्हणाले, आता घरी जा, झाल्यावर आम्ही कळवतो. मी म्हटलं, बसतो.

चहाच्या वेळेला मुलीचा फोन आला. ती रोज याच वेळेला ऑफिसातून करते. जेवलात का, काय जेवलात, झोप लागली का. मी सगळ्याला हो म्हटलं. मग तिला मोज्याचं सांगितलं. तिनं ते कधीच ऐकलेलं नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, म्हणजे खिडक्या दोन? मी म्हटलं दोन.

"तुम्हाला आठवलं?"

"नाही. मला एकच दिसते. पण होत्या दोन."

फोनवर तिच्या मागे कुणीतरी खुर्ची ओढली. मी तिला म्हटलं की त्या खोलीबद्दल आईनं तुला जे जे सांगितलं असेल ते मला पाहिजे, मी नसताना सांगितलेलं, माझ्याबद्दलचंही. आत्ता थोडं सांग, बाकीचं रविवारी ये तेव्हा. तू बोल, मी मधे बोलणार नाही.

"तुम्ही?" ती म्हणाली, आणि हसली. आई गेल्यापासून तिला हसताना मी ऐकलं नव्हतं. मग म्हणाली, "मधे बोला बाबा. नाहीतर मला ते आईचं वाटणारच नाही."

समोर वरच्या खणाचा दिवा लुकलुकत होता. लिहून घेत होता. ती पलीकडे आठवत होती, मी वाट बघितली.

"दार हिरवं होतं म्हणायची," ती म्हणाली.

"निळं," मी म्हणालो. "पुढे सांग."